इष्टुर, मुसाबुसी आणि सेवाजी : परक्या कानांनी घडवलेली नावे

एका भाषेतले माणसाचे नाव दुसऱ्या भाषेत जाताना तीन ठिकाणी बदलते. आधी ते कानात बदलते, कारण ऐकणारा आपल्या भाषेत असलेले ध्वनीच नीट ओळखतो. मग लिपीत बदलते, कारण प्रत्येक लिपीत काही ध्वनींना अक्षर असते, काहींना नसते. शेवटी दप्तरात बदलते. नाव किती पदांचे असावे, आडनाव कशाला म्हणावे, बापाचे नाव कुठे लिहावे, याचे नियम दप्तर ज्याच्या हाती तो ठरवतो. महाराष्ट्र आणि गोव्यात फारसी, पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्यांशी चारपाचशे वर्षे संबंध आला. त्यामुळे नावांच्या अशा रूपांतरांचा मोठा साठा इथल्या बखरींत, पत्रव्यवहारात आणि आडनावांत साचला आहे. वरवर पाहता ही रूपे अडाणीपणाची वाटतात, पण बारकाईने पाहिले तर बहुतेकांमागे नियम सापडतो.

फारसीचा काळ

मराठीने परकी नावे आपलीशी करण्याचा पहिला मोठा सराव बहमनी आणि त्यानंतरच्या शाह्यांच्या काळात केला. राज्यकारभार फारसीत चाले, हिशेब आणि पत्रे लिहिणारे कारकून मात्र पुष्कळदा मराठी होते. हुद्द्यांची फारसी नावे त्यांच्या तोंडी रुळली आणि पुढे घराण्यांची आडनावे झाली. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. मराठी जिभेवर त्याचे ‘नीस’ झाले. चिटनवीसाचा चिटणीस, फारसीनवीसाचा पारसनीस, सबनवीसाचा सबनीस अशी ही माळ आहे. ‘फर्द’ म्हणजे हिशेबाचा कागद. तो लिहिणारा फर्दनवीस, आणि त्याचा मराठी अवतार फडणवीस किंवा फडणीस. आज ही आडनावे अस्सल मराठी वाटतात, इतके त्यांचे फारसीपण पुसले गेले आहे.

व्यक्तिनावांत मराठीने निराळी युक्ती वापरली. परक्या शब्दाला ‘जी’, ‘राव’ किंवा ‘बा’ जोडला की तो मराठी नावासारखा वागू लागतो. मालोजी भोसल्यांच्या मुलांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली गेली, असे परंपरा सांगते. एक शहाजी झाला, दुसरा शरीफजी. हैबतराव, दौलतराव, फत्तेसिंग, सर्जेराव ही नावे याच पद्धतीची. शब्दाचे मूळ अरबी किंवा फारसी, पण शेपूट मराठी अथवा हिंदुस्थानी.

शत्रूच्या सरदारांची नावे बखरकारांनी ऐकली तशी लिहिली. शायिस्ताखान हा सभासदाच्या बखरीत शास्ताखान होतो आणि दिलेरखान दिलेलखान. पहिल्यात परके जोडस्वर गाळून जवळचा, ओळखीचा शब्द बसवला आहे. दुसऱ्यात पाठोपाठ आलेल्या ‘ल’ आणि ‘र’ यांना एकसारखे केले आहे. परके नाव आपल्या भाषेतल्या एखाद्या परिचित शब्दाकडे ओढणे आणि उच्चाराची अडचण सोपी करणे, या दोन प्रवृत्ती पुढच्या सगळ्या काळात दिसतात.

उलट्या दिशेनेही हेच घडत होते. ब्रज भाषेत ‘श’ हा स्वतंत्र ध्वनी नाही, म्हणून कवी भूषणाच्या छंदांत शिवाजी महाराज ‘सिवाजी’ होतात. मोगल दरबारच्या फारसी लेखनात ते ‘सीवा’ किंवा ‘सिवा’ असतात. तिथे उच्चाराबरोबर हेतूही होता. ‘जी’ हा आदराचा प्रत्यय मुद्दाम गाळलेला असे.

गोवा : पोर्तुगीज लिपीतली कोंकणी नावे

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि गावोगावच्या हिंदू व ख्रिस्ती रहिवाशांची नावे रोमन लिपीत लिहिण्याचे काम शेकडो वर्षे चालले. त्या लेखनाचे नियम पोर्तुगीज भाषेचे होते. ‘क’साठी त्यांच्याकडे सी आणि क्यू ही अक्षरे होती, के हे अक्षर जवळजवळ वापरात नव्हते. ‘श’साठी ते एक्स लिहीत. शब्दाच्या शेवटी स्वर अनुनासिक असेल तर त्यापुढे एम लावीत. गोव्याच्या जुन्या कागदांत विष्णूच्या मध्यभागी एक्स आणि शेवटी एम दिसतो, केणी हे आडनाव क्यू आणि यू यांनी सुरू होते आणि कामत हे ‘कामोतीं’ असे वाचावे लागते, ते यामुळे.

कोंकणीतला ‘अ’ किंचित गोल ओठांनी उच्चारला जातो. पोर्तुगीज कानाला तो ‘ओ’ वाटला. त्यामुळे प्रभूचे ‘पोरोबो’ झाले. शेणवी किंवा शेणै हे ‘सिनाय’ झाले आणि नायकाच्या शेवटी क्यू, यू, ई अशी तीन अक्षरे बसली. ही अक्षरे इंग्रजी पद्धतीने वाचणाऱ्याला विचित्र दिसतात. पोर्तुगीज पद्धतीने वाचली तर त्यांत कोंकणी उच्चार बराच शाबूत आहे, काही ठिकाणी तर तो देवनागरी लेखनापेक्षाही अधिक जवळचा आहे. पोर्तुगिजांनी नाव चुकीचे ऐकले असे म्हणण्यापेक्षा त्यांनी ते बोलीत ऐकले आणि आपल्या अक्षरांत लिहिले, असे म्हणणे जास्त बरोबर ठरते.

धर्मांतर झालेल्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज नाव मिळे. हे नाव मग कोंकणीच्या तोंडी पुन्हा घडे. ‘आंव’ सारख्या अनुनासिकाने संपणारी पोर्तुगीज नावे इथे ‘व’काराने संपू लागली. जुवांव आणि सेबास्तियांवाचा बस्त्यांव ही त्याची घरोघरची उदाहरणे. शेवटचा ‘ओ’ पोर्तुगीज उच्चारात ‘उ’सारखा ऐकू येतो, म्हणून पेद्रोचा पेद्रू झाला. दोमिंगोसचा दुमिंग आणि कायतानोचा कायतान झाला. कागदावर एक नाव आणि हाकेला दुसरे, अशी दुहेरी व्यवस्था गोव्यात स्थिरावली.

उत्तरेला वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकल्यावर राज्यकर्ते गेले, पण ख्रिस्ती गावे आणि त्यांची आडनावे राहिली. पोर्तुगीज शाळा आणि कचेरी नाहीशी झाल्यामुळे ही आडनावे पुढे मराठी वळणाने वाढली. द आब्रेऊ याचे डाबरे झाले, गोन्साल्विस हे देवनागरीत घोन्सालविस असे लिहिले जाऊ लागले, मशादूचे मच्याडो झाले. डाबरे हे आडनाव फडके-गोखल्यांच्या रांगेत बसावे असेच झाले आहे.

स्टीफन्स आणि स्टुअर्ट : एकाच अडचणीची दोन उत्तरे

नावाच्या आरंभी ‘स्ट’ हे जोडाक्षर आले की पोर्तुगीज आणि मराठी या दोन्ही भाषांना अडखळायला होते. दोघींनीही त्यावर एकच उपाय शोधला. जोडाक्षराच्या आधी एक स्वर ठेवायचा. या उपायाची दोन ठळक उदाहरणे सुमारे दोनशे वर्षांच्या अंतराने याच भूमीवर घडली.

विल्टशायरमधल्या बुश्टन गावचा थॉमस स्टीफन्स हा जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला. पुढे त्याने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. गोव्यातल्या पोर्तुगीजांत तो इंग्रजी नावाने वावरला नाही. पोर्तुगीजमध्ये स्टीफनचे रूढ रूप ‘एस्तेवांव’ असे आहे आणि त्याच नावाने तो पाद्री ओळखला गेला. काही जुन्या उल्लेखांत तर त्याचे आडनाव ‘बुस्तेन’ किंवा ‘बुस्टन’ असे दिसते. ते आडनाव नव्हेच. त्याच्या गावाचे नाव लॅटिन आणि पोर्तुगीज नकलांतून फिरत फिरत आडनावाच्या जागी येऊन बसले. एकाच माणसाच्या नावात भाषांतर आणि नकलाकाराचा घोटाळा असे दोन्ही प्रकार इथे दिसतात.

दुसरे उदाहरण जानेवारी १७७९ चे. राघोबादादांना पेशवेपदावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. तिच्या आघाडीला असलेला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा ४ जानेवारी रोजी कार्ल्याजवळ मारला गेला. काही दिवसांतच वडगावला इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला. मराठ्यांनी या शूर शत्रूचे नाव ‘इष्टुर फाकडा’ असे ठेवले आणि वडगाव मावळात त्याची समाधी याच नावाने ओळखली जाते.

‘इष्टुर’ या तीन अक्षरांत मराठी कानाचे सगळे काम दिसते. आरंभीच्या ‘स्ट’आधी ‘इ’ आला, जसा स्टेशनचे इष्टेशन आणि स्कूलचे इस्कूल करताना येतो. इंग्रजीतला टी हा मराठी माणसाला दंत्य ‘त’ न वाटता मूर्धन्य ‘ट’ वाटतो. ‘ट’च्या शेजारी ‘स’ टिकत नाही, तो ‘ष’ होतो. कष्ट, दुष्ट, नष्ट या शब्दांनी ती जोडी मराठीत पक्की केलेली आहे. मधला ‘यु’ आणि शेवटचा ‘अर्ट’ यांचा आखडून ‘उर’ झाला. हाच ‘ष्ट’ पुढे पुण्याच्या रेसिडेंटच्या नावातही उमटला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा मराठी कागदांत ‘अलपिष्टन’ झाला. ‘फाकडा’ ही मात्र पूर्णपणे मराठ्यांची भर. शूर, बेडर अशा अर्थाची ही पदवी मिळाल्यावर परके नाव मराठी लोकस्मृतीत आपोआप बसले.

मुसाबुसी, मुसा राम आणि सिकंदर

फ्रेंच सेनानींच्या बाबतीत गंमत वेगळी झाली. निजामाच्या दरबारी असलेल्या बुसीला त्याचे सहकारी ‘मोसिय बुसी’ म्हणत. ‘मोसिय’ हे आदराचे संबोधन आहे हे मराठी कारकुनाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने पूर्ण नाव म्हणून ‘मुसाबुसी’ असे लिहिले. मुसा हे मुसलमानांत परिचित नाव असल्याने ते खपूनही गेले. बुसीच्या फौजेत तयार झालेला इब्राहीमखान पुढे पेशव्यांकडे आला आणि पानिपतावर लढला. त्याच्या नावापुढचे ‘गारदी’ हे पद फ्रेंच ‘गार्द’ या शब्दावरून आले आहे. पलटणीचे नाव अशा प्रकारे माणसाची ओळख बनले.

हैदराबादेत मिशेल रेमों या सेनापतीच्या नावाला याहून मोठे दैव लाभले. तो मुसलमानांचा मुसा रहीम आणि हिंदूंचा मुसा राम झाला. रेमों या एकाच ध्वनीसमूहातून दोन्ही समाजांनी आपापले देव ऐकले. हैदराबादचे मूसारामबाग आजही त्याची आठवण देते.

उत्तरेत शिंद्यांच्या चाकरीत असलेला जेम्स स्किनर हिंदुस्थानी फौजेत ‘सिकंदर साहेब’ झाला आणि दिल्लीचा रेसिडेंट ऑक्टरलोनी ‘लोनी अख्तर’. अख्तर म्हणजे तारा. परक्या नावात अर्थ सापडला की उच्चाराची झटापट संपते, हे या नावांवरून दिसते.

बेने इस्राएल : हिब्रू नावांना मराठी शेपूट

कोकणातल्या बेने इस्राएलांच्या बाबतीत रूपांतर परक्यांनी केले नाही, त्यांनी स्वतःच केले. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत तेल गाळणारे हे यहुदी शनिवार पाळीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे त्यांनी गावांवरून घेतली. केहीमकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर ही त्यांतली काही. हिब्रू व्यक्तिनावांना त्यांनी ‘जी’ लावला. शमुवेलचा सामाजी, अब्राहामचा अबाजी, मोशेचा मुसाजी, एलियाचा एलोजी, रहामीमचा रामाजी. बाजारात आणि शेतात ही नावे शेजाऱ्यांच्या नावांत मिसळून जात. प्रार्थनेच्या वेळी हिब्रू रूप असे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला सामाजी हसाजी दिवेकर हे या पद्धतीचे नमुनेदार उदाहरण आहे. त्याने १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. इंग्रजीत त्याचे नाव सॅम्युएल इझिकिएल दिवेकर असे लिहिले जाते. ‘हसाजी’ आणि ‘इझिकिएल’ यांत वरवर काहीच साम्य नाही, पण मधली हिब्रू कडी ‘यहेज्केल’ लक्षात घेतली की दोन्ही रूपे उलगडतात. मराठीने आरंभीचा ‘य’ सोडला, ‘हज्क’ मधला ‘ह’ ठेवला, ‘ज्’चा ‘स’ केला आणि पुढे ‘जी’ जोडला. इंग्रजी रूप ग्रीक आणि लॅटिन बायबलातून आले. तिथे ‘ह’ आधीच गळालेला होता. एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा आणि इंग्रजी नोकऱ्या यांमुळे समाजात सॅम्युएल, इझिकिएल, डेव्हिड अशी रूपे रूढ झाली आणि सामाजी-हसाजी मागे पडले. ‘कर’ मात्र टिकला. तो इस्राएलपर्यंतही गेला.

इंग्रजी कागदांतली मराठी नावे

शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून रायगडी गेला तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाष्या होता. इंग्रजी कागदांत या शेणव्याचे ‘सिनाय’ होते, म्हणजे गोव्याच्या पोर्तुगीज वळणाने. महाराजांचे नाव इंग्रज वखारीच्या पत्रांत ‘सेवाजी’ असे येते. जॉन फ्रायर या डॉक्टरच्या १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात तर ‘सेवा’ आणि ‘जी’ असे दोन तुकडे आहेत. पोर्तुगीज आणि फ्रेंच लेखक शेवटी जी आणि वाय ही अक्षरे लिहीत. ‘श’च्या जागी ‘स’ येण्याला इंग्रजीत ध्वनीची अडचण नव्हती, कारण ‘श’ हा ध्वनी इंग्रजीत आहेच. हे नाव इंग्रजांच्या कानी ज्या हिंदुस्थानी, फारसी आणि पोर्तुगीज तोंडांतून गेले, त्यांचा तो ठसा दिसतो.

सरदार घराण्यांच्या नावांत आणखी एक नमुना दिसतो. शिंदे हे सिंदिया झाले, आंग्रे हे आंग्रिया आणि भोसले हे बोन्स्ला. मराठी आडनावांतला शेवटचा ‘ए’ हा पुष्कळदा आदरार्थी बहुवचनाचा असतो. एकेरीत बोलताना मराठी माणूसच शिंद्या, आंग्र्या, भोसला म्हणतो. इंग्रजी रूपे या एकेरी रूपांशी जुळतात. १७३७ मध्ये क्लेमंट डाउनिंगने लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातही ‘आंग्रिया’ हा चाच्या म्हणूनच येतो. गायकवाड यांचे ‘गुइकवार’ झाले. तात्या टोपे यांच्या नावात एक अनुस्वार शिरला आणि इंग्रजीत ते ‘तांतिया टोपी’ झाले. नाना फडणवीसांच्या इंग्रजी लेखनात मात्र ‘फ’नंतर ‘र’ राहिला, म्हणजे मराठीने टाकलेला फारसी ‘फर्द’ इंग्रजीने नकळत जपला.

लेखनाच्या पद्धती दोन होत्या. जुन्या पद्धतीत नाव इंग्रजी शब्दासारखे वाचता यावे म्हणून ‘अ’साठी यू, ‘ई’साठी दोन ई आणि ‘ऊ’साठी दोन ओ लिहीत. ‘राव’ हा रांग या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा लिहिला जाई. दुसरी पद्धत सर विल्यम जोन्सची. त्याने १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात एका ध्वनीला एकच खूण असावी असे मांडले. सरकारी वापरात ती बेताबेताने आली. डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर याने १८७१ मध्ये भारतीय विशेषनामांच्या लेखनाची मार्गदर्शिका काढली आणि तिथून ‘अ’साठी ए, ‘इ’साठी आय हे रूढ झाले. जी नावे त्याआधीच दगडावर आणि दस्तांवर कोरली गेली होती, ती तशीच राहिली. मुंबईच्या जगन्नाथ शंकरशेटांचे नाव इंग्रजीत आजही जुन्या यूकारी पद्धतीने आढळते.

आडनाव कोणते?

मराठी नाव तीन पदांचे असते. आपले, वडिलांचे आणि कुळाचे किंवा गावाचे. इंग्रजी दप्तराला शेवटचे पद आडनाव म्हणून हवे असे आणि एकोणिसाव्या शतकातले पुष्कळ मराठी लोक कुळनाव लिहीतच नसत. परिणामी वडिलांचे नाव आडनावाच्या खान्यात पडले. शंकरशेट हे जगन्नाथांच्या वडिलांचे नाव होते आणि कुळनाव मुरकुटे. भाऊ दाजी आणि नारायण दाजी या भावांचे आडनाव लाड, पण इंग्रजी कागदांत दाजी हेच कुटुंबाचे नाव असावे असे वाटते. दादोबा पांडुरंग आणि आत्माराम पांडुरंग या बंधूंचे तर्खडकर हे आडनावही असेच झाकले गेले.

मॉरिशसला गेलेल्यांच्या बाबतीत हा बदल कायमचा झाला. १८३४ पासून करारावर मजूर नेले जाऊ लागले आणि मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसेही गेली. पोर्ट लुईच्या नोंदणी ठाण्यात, म्हणजे आजच्या आप्रवासी घाटावर, कारकून नाव ऐकून नोंदवहीत लिहीत. मजुराचे वा त्याच्या बापाचे एकेरी नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव बनले. त्यामुळे तिथल्या मराठी वंशाच्या कुटुंबांत बापू, सखाराम अशी नावे आडनावांच्या जागी आढळतात आणि गावाची खूण सांगणारा ‘कर’ पुष्कळ घराण्यांतून गेला.

परत फिरलेली आणि न फिरलेली रूपे

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर कचेरीची भाषा बदलली. पोर्तुगीज वळणाची आडनावे हळूहळू मराठी-कोंकणी लेखनाकडे वळू लागली. पोरोबोचे प्रभू झाले, सिनायचे शेणॉय किंवा शेणवी. जन्मनोंदी, जमिनीचे दस्त आणि शाळेचे दाखले यांत एकाच माणसाची वेगवेगळी रूपे साचल्याने कायदेशीर वाट आखावी लागली आणि गोव्याने १९९० मध्ये नाव व आडनाव बदलण्याचा स्वतंत्र कायदा केला.

सगळीच रूपे मागे फिरली नाहीत. १९१९ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सहकाऱ्यांबरोबर जहाज कंपनी काढली, तिचे पहिले जहाज ‘लॉयल्टी’ ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेले होते. कंपनीचे नाव ठेवताना त्यांनी ‘शिंदे’ न घेता ‘सिंदिया’ घेतले. तोवर ते रूप परक्यांचे राहिले नव्हते. तहांवर आणि जगभरच्या नकाशांवर छापले जाऊन ते घराण्याचे सार्वजनिक नाव झाले होते. ग्वाल्हेरचे घराणे हिंदीत ‘सिंधिया’ लिहिते, सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या मूळ गावी तेच लोक शिंदे असतात. इष्टुर, डाबरे, हसाजी आणि फडणवीस यांचेही असेच झाले. ऐकताना झालेला बदल दप्तराने, समाधीच्या दगडाने किंवा घरातल्या हाकेने उचलून धरला की त्या रूपाला चूक म्हणणे संपते आणि ते नाव होते.